नगराच्या हद्दींत बंदुकीचा बार

हत्यार जवळ असणें आणि तें भर वस्तींत झाडणें ह्या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. आणि पहिलीचा हक्क ज्यास आहे त्यास दुसरीचाही आपोआप प्राप्त होतो, ही समजूत जितकी खोटी तितकीच घातक आहे. लग्नाची वरात निघाली, मुलाचें बारसें झालें, कोणी निवडणुकींत निवडून आला किंवा नव्या वर्षाचे बारा वाजले, कीं आनंदाच्या भरांत आकाशाकडे नळी करून बार काढावयाचे, ही चाल जगांतील अनेक देशांत आहे. आपल्या देशाच्या उत्तर भागांत तर ती फारच बोकाळली आहे. हिंदी वर्तमानपत्रांनीं तिला ‘हर्ष फायरिंग’ असें नांव दिलें आहे. हर्ष कोणाचा आणि शोक कोणाचा, हें मात्र त्या नांवांत सांगितलेलें नाहीं. नगराच्या हद्दींत बंदूक झाडण्यासंबंधानें कायदा कसा असावा, ह्या प्रश्नाचा विचार आमच्याकडे बहुधा कोणी तरी मेल्यावरच होतो. आमचें म्हणणें असें आहे कीं, कायद्यानें बार निघतो त्या क्षणीं जागें झालें पाहिजे, प्रेत पडतें त्या क्षणीं नव्हे.

प्रथम आकाशांत गेलेल्या गोळीचें पुढें होतें काय, हें पाहूं; कारण सर्व अनर्थाचें मूळ ह्या एका गोष्टीच्या अज्ञानांत आहे. वर फेंकलेला दगड खालीं येतो हें शेंबड्या पोरासही ठाऊक असतें. पण नळींतून सुटलेली गोळी डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून ती जणूं आकाशांतच विरून जाते, असें शहाण्यासुरत्या माणसांसही वाटतें. आमच्या वर्तमानपत्रांतील भाषाही ह्या भ्रमास हातभारच लावते. ‘अमक्यानें हवेंत गोळीबार केला, सुदैवानें कोणी जखमी झालें नाहीं,’ असें वाक्य आम्ही सारे बिनदिक्कत छापतों, जणूं हवा म्हणजे गांवाबाहेरची एखादी पडीक जागाच! परंतु हवेला तळ आहे, आणि शहरांत तो तळ म्हणजे कोणाचें तरी छप्पर, कोणाचें तरी अंगण किंवा कोणाचें तरी डोकें असतें.

अमेरिकन सैन्यांतील ज्युलियन हॅचर नांवाच्या अधिकाऱ्यानें पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या सुमारास, फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर ह्याविषयीं प्रयोग करून पाहिले. पाण्यांत एक लहानसें मचाण उभारून त्यावरून सरळ वर गोळ्या झाडण्यांत आल्या. पांचशेंवर गोळ्या सुटल्या. त्यांपैकीं अवघ्या चार मचाणावर परत आल्या, बाकीच्या वाऱ्यानें कोठच्या कोठें गेल्या. हिशेब असा निघाला कीं, सैन्याच्या रायफलीची गोळी सुमारें ९,००० फूट उंच जाते, तिला वर जाण्यास १८ सेकंद व खालीं येण्यास ३१ सेकंद लागतात, आणि ती भूमीपाशीं पोंचते तेव्हां तिचा वेग सेकंदास सुमारें ३०० फूट असतो. मनुष्याची कातडी भेदण्यास सेकंदास सुमारें २०० फूट वेग पुरतो. शिवाय हें गणित नळी अगदीं ओळंब्यांत असेल तेव्हांचें. वरातींत घोड्यापुढें नाचणाऱ्या माणसाच्या हातांतील बंदूक ओळंब्यांत असते, असें म्हणण्याचें धाडस कोणीही करणार नाहीं. ती तिरपी असते. आणि तिरपी सुटलेली गोळी कमानीनें जाऊन आपला पुष्कळसा वेग राखून पडते. अगदीं लहान अशा ‘पॉइंट बावीस’ बोअरच्या गोळीचा पल्लाही एक मैलाहून अधिक भरतो. म्हणजे बार ऐकूं येतो एका आळींत आणि माणूस पडतें दुसऱ्या आळींत. मारणाऱ्यास मेलेल्याचें नांव ठाऊक नसतें, आणि मेलेल्याच्या घरच्यांस मारणाऱ्याचें.

ही नुसती कल्पना नव्हे. लॉस एंजेलिस शहरांतील एका रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं १९८५ ते १९९२ ह्या काळांतील आपले कागद तपासले, तेव्हां वरून पडलेल्या गोळ्यांनीं जखमी झालेले ११८ रोगी त्यांस आढळले. त्यांपैकीं ३८ दगावले होते. गोळीच्या इतर जखमांपेक्षां हें मरणाचें प्रमाण फारच अधिक आहे, आणि त्याचें कारणही उघड आहे: वरून येणारी वस्तु प्रथम डोक्यावर येते. पोर्टो रिको बेटांत २००३ सालचा शेवटचा दिवस व २००४ सालचा पहिला दिवस ह्या दोन दिवसांत अशा आनंदाच्या गोळ्यांनीं १९ जणांस इजा झाली व एकाचा प्राण गेला, अशी नोंद अमेरिकेच्या रोगनिवारण खात्यानें केली आहे.

असो. गोळीचा स्वभाव असा आहे, तर मग कायद्यानें काय करावें? ह्या बाबतींत ॲरिझोना राज्याची राजधानी फिनिक्स येथील हकीकत आमच्या वाचकांनीं मुद्दाम ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वाळवंटांत वसलेलें हें शहर. २००० सालच्या खानेसुमारींत त्याची वस्ती तेरा लाखांवर होती. तेथें बंदूक बाळगणें ही कांहीं विशेष गोष्ट नव्हे; हत्याराच्या हक्काविषयीं तेथील लोक जितके जागरूक आहेत, तितके जगांत फार थोड्या ठिकाणीं असतील. १४ जून १९९९ रोजीं त्या शहरांतील एक चौदा वर्षांची मुलगी आपल्या घराच्या अंगणांत टेलिफोनवर बोलत होती. कोठून तरी एक गोळी आली, तिच्या डोक्यांत शिरली, आणि मुलगी गतप्राण झाली. गोळी कोणीं झाडली हें उघडकीस आलें नाहीं. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें शहरांत बंदूक झाडणें हा तेथें एक हलका अपराध गणला जात असे. मुलीच्या आईबापांनीं शोक आवरून विधिमंडळाचे उंबरे झिजविले, आणि २००० सालीं गव्हर्नर जेन हल यांच्या सहीनें नवा कायदा झाला. लोक त्यास त्या मुलीच्या नांवावरून ‘शॅननचा कायदा’ म्हणतात.

ह्या कायद्याची शब्दरचना मोठी विचाराची आहे. जो कोणी दंडास पात्र होण्याजोग्या निष्काळजीपणानें नगराच्या हद्दींत, किंवा बाहेरून नगराच्या हद्दीच्या आंत, बंदूक झाडील, तो मोठ्या गुन्ह्यांच्या सहाव्या, म्हणजे सर्वांत खालच्या, वर्गांतील गुन्ह्याचा अपराधी ठरतो. येथें तीन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, कोणी जखमी झालें पाहिजे, कोणी मेलें पाहिजे, अशी अट ह्यांत नाहीं. गुन्हा बारापाशींच पुरा होतो. दुसरी ही कीं, ‘हद्दीच्या आंत’ ह्या दोन शब्दांनीं वेशीबाहेर उभें राहून गांवावर गोळी टाकणाऱ्याची पळवाट बुजविली आहे. तिसरी ही कीं, ज्यांस बंदूक झाडण्याचें खरोखर प्रयोजन आहे, त्यांस कायद्यानें अडविलेलें नाहीं. नीट देखरेख असलेलें नेमबाजीचें मैदान, शिकारीकरितां ठरवून दिलेली जागा, पोलीसप्रमुखाची खास परवानगी, नुसत्या दारूचें काडतूस, राहत्या इमारतीपासून एक मैलाहून अधिक दूरचें रान, आणि अंगावर चालून आलेल्या जनावरापासून बचाव, हे सारे प्रकार अपवाद म्हणून सोडलेले आहेत. हक्काची किंमत जाणणाऱ्या लोकांनीं केलेला कायदा असा असतो. तो हत्यार हिसकावून घेत नाहीं. तें कोठें झाडूं नये, एवढेंच सांगतो.

कोणी म्हणेल, हा नवा कडकपणा आहे, जुन्या काळीं लोक मोकळे होते. इतिहास तसें सांगत नाहीं. अमेरिका स्वतंत्र होण्यापूर्वीं अर्धें शतक, १७२१ सालींच, फिलाडेल्फिया शहरांत गव्हर्नरच्या खास परवानगीवांचून बंदूक झाडण्यास बंदी घालून पांच शिलिंग दंड ठेवण्यांत आला होता. बोस्टन शहराकरितां १७४६ सालीं झालेल्या कायद्यानें गोळी वा छरे भरलेली बंदूक अगर पिस्तूल गांवांत झाडणाऱ्यास चाळीस शिलिंग दंड सांगितला होता. न्यूयॉर्कमध्यें १७८५ च्या कायद्यानें नव्या वर्षाच्या सुमाराचे दिवस नेमून देऊन त्या दिवसांतील बार बंद केले; म्हणजे नव्या वर्षाचा हा उत्पात तेथें कांहीं कालचा नव्हे. २००८ सालीं हत्यार बाळगण्याच्या हक्काचा मोठा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां त्या राष्ट्राच्या आरंभींच्या तिन्ही मोठ्या शहरांत बंदुका झाडण्यावर निर्बंध होते, ही गोष्ट न्यायमूर्ति ब्रेयर यांनीं आपल्या भिन्न मतांत मांडली. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ति स्कालिया यांनीं त्यावरून निघणारें अनुमान नाकारलें. परंतु असे कायदे होते, हें त्यांनींही नाकारलें नाहीं. हत्याराच्या हक्काचे कैवारी व त्याचे विरोधक ह्या दोघांसही मान्य असलेली ही एक भूमिका आहे, आणि म्हणूनच ती भक्कम आहे.

मात्र स्थानिक नियम करण्याचा अधिकार कोणाचा, ह्या वादांत कधीं कधीं जीव टांगणीस लागतात, हेंही तेथेंच दिसून आलें. फ्लॉरिडा राज्यानें १९८७ सालीं हत्यारांसंबंधीं सर्व नियम करण्याचा अधिकार राज्याकडे घेतला, आणि २०११ सालीं तो मोडणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्यांस दंडाची तरतूद केली. परिणाम असा झाला कीं, दाट वस्तींतही कोणी आपल्या परसांत निशाण लावून नेमबाजी करूं लागला, तर नगरसभेस त्यास थांबवितां येईना. शेजाऱ्यांनीं तक्रार करावी व अधिकाऱ्यांनीं हात वर करावे, असा प्रकार सुरू झाला. अखेर २०१६ सालीं राज्यानेंच नवा नियम करून, एकरास एक किंवा अधिक घरें असलेल्या निवासी भागांत करमणुकीखातर बंदूक झाडण्यास बंदी केली. ह्यावरून घेण्याचा बोध हा कीं, अधिकार राजधानींत असो वा नगरभवनांत असो, कोणीं तरी एकानें तो वेळेवर वापरला पाहिजे.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्या राज्यघटनेप्रमाणें हत्यारें व दारूगोळा हा विषय केंद्राच्या यादींतील आहे. तेव्हां आमच्याकडे कायदा करणें हें संसदेचें काम व त्याचा अंमल करणें हें प्रांतिक पोलिसांचें काम. हा विषय आमच्या लोकांस नाजूक वाटतो, ह्याचें कारण ऐतिहासिक आहे. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें इंग्रज सरकारनें ह्या देशांतील लोकांस परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची मनाई केली व गोऱ्या लोकांस मात्र मोकळीक ठेविली. त्या अपमानाविरुद्ध राष्ट्रसभेनें आपल्या आरंभींच्या वर्षांत वारंवार ठराव केले, व तें योग्यच होतें. पण स्वराज्य आल्यावर १९५९ सालीं आपल्याच संसदेनें नवा कायदा केला, आणि त्या दिवसापासून परवाना हा परक्यानें घातलेला लगाम न राहतां शेजाऱ्यानें शेजाऱ्यास दिलेलें वचन झाला आहे. तें वचन मोडणें ह्यांत देशाभिमान नाहीं व पुरुषार्थही नाहीं.

ह्या वचनभंगास शिक्षा काय होती, हें पाहिलें म्हणजे हांसावें कीं रडावें हें समजत नाहीं. जुन्या दंडसंहितेच्या ३३६ व्या कलमाप्रमाणें दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणाऱ्या अविचारी कृत्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीचशें रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होत्या. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १२५ व्या कलमांत कैद तितकीच राहिली, दंड अडीच हजारांवर गेला. लग्नांत एका रात्रीच्या रोषणाईस ह्याहून अधिक खर्च येतो, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. सुदैवानें १४ डिसेंबर २०१९ पासून हत्यारांच्या कायद्यांत एक नवें पोटकलम आलें आहे. सार्वजनिक मेळावे, धर्मस्थानें, लग्नाच्या वराती व इतर समारंभ ह्यांत बंदूक झाडणें ह्यास त्यांत स्पष्ट नांव दिलें असून, अविचारानें, हयगयीनें किंवा अशा समारंभांत हत्यार झाडून मनुष्याचा जीव वा सुरक्षितता धोक्यांत आणणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. तत्पूर्वीं २०१६ च्या नियमांनींच सार्वजनिक ठिकाणीं हत्यार उघडें मिरविण्यास व पोकळ बार काढण्यासही मनाई केली होती.

संसदेस हें कलम करावें लागलें तें कांहीं उगीच नव्हे. २०१६ सालच्या नोव्हेंबरांत हरियाणांतील कर्नाल येथें एका लग्नांत बार काढले गेले आणि नवऱ्या मुलाची मावशी मृत्युमुखीं पडली. पुढच्याच महिन्यांत पंजाबांत भटिंडा जिल्ह्यांतील मौड मंडी येथें लग्नसमारंभांत नाचणारी एक पंचवीस वर्षांची तरुणी व्यासपीठावरच गोळी लागून मेली. ती गरोदर होती. पोटासाठीं दुसऱ्याच्या आनंदांत नाचावयास आलेल्या बाईनें त्या आनंदाची किंमत आपल्या प्राणांनीं द्यावी, ह्याहून लाजिरवाणी गोष्ट ती कोणती?

उत्तराखंडांतील एका लग्नांत २००७ सालीं असाच बार काढणाऱ्या मनुष्याचा खटला २०२० सालच्या मार्चांत सर्वोच्च न्यायालयांत निकालास लागला. सरन्यायाधीश शरद बोबडे हे त्या पीठावर होते. न्यायालयानें खुनाचा आरोप सोडून सदोष मनुष्यवधाचा दोष कायम केला, आणि समारंभांतील गोळीबाराचे प्रकार खेदजनक रीतीनें वाढत आहेत, असें स्पष्ट सांगितलें. निकाल न्याय्य आहे. परंतु त्यांत आरोपीच्या हयगयीचें वर्णन करतांना, त्यानें मोकळ्या आकाशाकडे बार काढण्यासारखी वाजवी खबरदारी न घेतां छताकडे बंदूक रोखली, अशा आशयाचा उल्लेख आहे. गर्दीच्या मांडवांतील छतापेक्षां आकाश बरें, एवढेंच त्या खटल्यापुरतें न्यायमूर्तींस म्हणावयाचें असेल, व त्यांच्यापुढें प्रश्नही तेवढाच होता. तथापि आम्हांस नम्रपणें असें वाटतें कीं, आकाश ही शहरांत खबरदारी नव्हे. मांडवांतील पाहुणा वांचला आणि मांडवापलीकडच्या चाळींतील मूल गेलें, तर जमाखर्च सारखाच राहतो. फरक एवढाच कीं, पहिल्या प्रसंगीं आरोपी सांपडतो आणि दुसऱ्या प्रसंगीं सांपडत नाहीं.

नव्या पोटकलमांतील उणीवही येथेंच आहे. बार काढला एवढें सिद्ध करून भागत नाहीं. त्यानें कोणाचा तरी जीव धोक्यांत आला, हेंही दाखवावें लागतें. कोणी जखमी नाहीं, गोळी कोठें पडली ठाऊक नाहीं, नळी तर आकाशाकडे होती. मग धोका कोणास होता, असा प्रश्न आरोपीचा वकील करणार, हें सांगावयास ज्योतिषी नको. ॲरिझोनाच्या कायद्यांत निष्काळजीपणा दाखवावा लागतो खरा, पण कायदा नगराच्या हद्दीचें नांव घेऊनच बोलतो. आमच्या कलमांत गांव, नगर, वस्ती ह्यांचा मागमूस नाहीं. आमची सूचना अशी आहे कीं, नगरपालिका वा महानगरपालिकेच्या हद्दींत, किंवा बाहेरून तिच्या आंत, गोळी झाडणें हेंच जीव धोक्यांत घालणें होय, असें कायद्यानें गृहीत धरावें. आणि आत्मसंरक्षण, नेमबाजीचें मैदान, सरकारी कामगिरी वगैरे अपवाद सिद्ध करण्याचा भार झाडणाऱ्यावर ठेवावा. ह्यानें कोणाही प्रामाणिक परवानेवाल्याचें कांहींएक बिघडणार नाहीं.

ह्यावर रूढीच्या अभिमान्यांचा एक आक्षेप येतो. ते म्हणतात, शस्त्राची सलामी ही क्षत्रियांची जुनी चाल आहे. ती बंद करणें म्हणजे परंपरा बुडविणें होय. आम्ही विचारतों, कोणती परंपरा? तोफेची सलामी देत तेव्हां ती नुसत्या दारूचा बार करून देत. सलामीच्या तोफेंत गोळा घालणाऱ्यास कोणत्याही किल्लेदारानें बुरुजावरून खालीं उतरविलें असतें. आज वरातींत जें चालतें तें सलामी नव्हे. खऱ्या काडतुसांनीं भरलेलें रिव्हॉल्व्हर दारूच्या धुंदींत चालविणें आहे. शिवाय ज्या चाली मोकळ्या शिवारांत निर्माण झाल्या, त्या दाट वस्तींत तशाच चालूं ठेवणें ह्यास परंपरा म्हणत नाहींत, अविचार म्हणतात. ज्यास शौर्य दाखवावयाचें आहे त्यास सैन्याचे दरवाजे उघडे आहेत. निःशस्त्र पाहुण्यांच्या मध्यें उभें राहून आभाळाशीं युद्ध करण्यांत शौर्य तें कसलें?

दुसरा आक्षेप आमच्या महाराष्ट्रीय वाचकांचाच असेल. ही खोड उत्तरेकडची; आमच्याकडे लग्नांत अक्षता पडतात, गोळ्या पडत नाहींत; मग आम्हीं ह्याचा विचार कां करावा? ह्यांत तथ्य आहे, व तें आमच्या लोकांस भूषणावहही आहे. परंतु रूढींस प्रांताच्या सीमा ठाऊक नसतात. मिरवणुकीच्या, वाढदिवसाच्या व विजयाच्या थाटांत एकमेकांचें अनुकरण किती झपाट्यानें होतें, हें आम्ही रोज पाहतों. हातांतल्या फोनवर एका गांवचें चित्र दुसऱ्या गांवास पोंचावयास घटकाही लागत नाहीं. रोग दारांत येण्यापूर्वीं टोंचून घेणें हें शहाणपण आमच्या पूर्वजांनीं प्लेगच्या दिवसांत मोठी किंमत देऊन संपादन केलें. तें येथें कां विसरावें?

आतां नुसत्या कायद्यानें काय होणार, असा तिसरा प्रश्न उरतो, आणि तो मात्र खरा प्रश्न आहे. कायदा पुस्तकांत असतो, बार रस्त्यांत निघतो. ह्या दोहोंमधील अंतर तोडणें पोलिसांच्या व नागरिकांच्या हातांत आहे. पोलिसांपाशीं साधनें नाहींत असें नाहीं. हत्यारांच्या कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें सार्वजनिक सुरक्षिततेकरितां परवाना तहकूब अगर रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास आहे. जिल्ह्यांत तो जिल्हादंडाधिकारी व मोठ्या शहरांत पोलीस आयुक्त. कैदेची शिक्षा लागावयास वर्षें लागतात. परवाना एका हुकुमानें जातो, आणि बंदुकीचा शौक असलेल्या माणसास कैदेपेक्षां हीच भीति अधिक. निवडणुका आल्या म्हणजे परवान्याचीं हत्यारें पोलीस ठाण्यांत जमा करून घेतात, हें आमच्या वाचकांतील कित्येकांस स्वानुभवानें ठाऊक असेल. मतदाराचा जीव जपण्याकरितां जें होऊं शकतें, तें वऱ्हाडी मंडळींकरितां कां होऊं नये?

पण आमचा खरा भरंवसा आमच्या वाचकांवर आहे. जव्हेरी, सराफ, पेढीवाले, पंपवाले असे पुष्कळ गृहस्थ रोकडीच्या रक्षणार्थ परवाना घेतात. त्यांनीं तें हत्यार लग्नास नेऊं नये, आणि दुसऱ्याच्या हातीं तर मुळींच देऊं नये. मंगल कार्यालयांच्या मालकांनीं भाड्याच्या करारांत एक ओळ घालावी कीं, आवारांत हत्यार आणल्यास कार्य तेथेंच थांबेल व अनामत परत मिळणार नाहीं. वाजंत्रीवाल्यांनींही बार निघतांच वाद्य खालीं ठेवावें, आणि त्यांच्या मजुरीस त्यामुळें धक्का लागणार नाहीं अशी हमी यजमानानें द्यावी. वधूवरांच्या वडिलांनीं निमंत्रणपत्रिकेंत ‘आहेर स्वीकारला जाणार नाहीं’ असें छापण्याची चाल पाडली, तशीच हत्यारासंबंधींही पाडावी. आणि जे नुसते पाहुणे आहेत त्यांनीं निदान टाळ्या वाजवूं नयेत. बार काढणारा मनुष्य गोळी आकाशाकडे सोडतो, पण त्याचें लक्ष भोंवतालच्या डोळ्यांकडे असतें. तेथें कौतुकाऐवजीं तिटकारा दिसला, तर दुसरा बार निघणार नाहीं. त्याची चित्रफीत ज्यांच्या फोनांत असेल त्यांनीं ती चार मित्रांस पाठविण्यापेक्षां ठाण्यावर द्यावी. फिनिक्सच्या मुलीच्या बाबतींत जो साक्षीदार कोणासही मिळाला नाहीं, तो आज प्रत्येक वरातींत शेंकड्यांनीं हजर असतो.

शहर म्हणजे काय, तर जेथें एकाच्या भिंतीस दुसऱ्याची भिंत लागलेली असते अशी वस्ती. तेथें कोणाचाही कचरा, कोणाचाही धूर, कोणाचाही गोंगाट फक्त त्याचाच राहत नाहीं. मग गोळी तरी त्याचीच कशी राहील? ज्यानें गांवांत घर बांधलें त्यानें हें मान्य करूनच बांधलें. हत्याराचा परवाना मालकास रक्षणाचा अधिकार देतो. शेजाऱ्याच्या छपरावर मृत्यु टाकण्याचा अधिकार जगांतील कोणतेंही सरकार कोणास देऊं शकत नाहीं, कारण तो त्याच्यापाशींच नाहीं. हें तत्त्व संसदेनें कायद्याच्या शब्दांत निःसंदिग्ध घालावें, पोलिसांनीं तें पहिल्या बारासच अमलांत आणावें, आणि आम्हां नागरिकांनीं तें आपल्या घरच्या पुढच्याच कार्यापासून पाळावें.